पोप सिक्स्तुस पाचवे यांचे सोने

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रोत्तामारे गावी १३ डिसेंबर १५२१ रोजी फेलिचे पेरेत्ती यांचा जन्म झाला. घरची अत्यंत गरिबी. लहानपणी ते डुकरे राखीत असत, असे सांगतात. फ्रान्सिस्कन मठात शिक्षण, प्रवचनकार म्हणून कीर्ती, १५७० साली कार्डिनलपद आणि २४ एप्रिल १५८५ रोजी पोपपद! सिक्स्तुस पाचवे हे नाव त्यांनी धारण केले.

त्या काळी पोपमहाशय हे मध्य इटलीतील प्रदेशाचे राजेही होते. त्यांच्या टांकसाळीत स्कूदो हे सोन्याचे नाणे पडत असे. वजन जेमतेम सव्वातीन ग्रॅम. नव्या पोपमहाशयांना तिजोरी रिकामी मिळाली. त्यांनी खर्च आवळला, कर वाढवले, कर्जे उभारली, दरबारातील पदेही विकली. हा शेवटचा मार्ग ख्रिस्तसभेला शोभणारा नव्हता, हे मान्य करायलाच हवे. पाच वर्षांत रोमच्या सांत आंजेलो किल्ल्यात तीस लाख सोन्याचे स्कूदो जमा झाले, चांदी वेगळीच. दुष्काळ, रोगाची साथ, परचक्र अशा संकटांखेरीज या ठेव्याला कोणीही हात लावू नये, असा कडक नियम त्यांनी १५८६ साली घालून दिला.

स्पेनच्या राजाला इंग्लंडच्या स्वारीसाठी त्यांनी दहा लाख देऊ केले, पण सैन्य इंग्लंडच्या भूमीवर उतरल्यावरच! १५८८ मध्ये आरमाराचा पराभव झाला आणि पैसे किल्ल्यातच राहिले.

त्यांनी रोममध्ये नळाचे पाणी आणले, संत पेत्राच्या महामंदिराचा घुमट उभारून घेतला. परंतु बाजारातील एवढे सोने पेटीबंद झाले आणि करांचा भार गोरगरिबांवर पडला. २७ ऑगस्ट १५९० रोजी ते निवर्तले, तेव्हा रोमचा जमाव त्यांच्या पुतळ्यावर चालून गेला. गरिबीत वाढलेल्या पोपमहाशयांवर गरिबांचाच राग, हे मनाला लागते.

पुढील पोपमहाशयांनी अधूनमधून त्यातून पैसा काढला, नियम थोडे वाकवूनही. १७६४ च्या दुष्काळात मात्र पोप क्लेमेंट तेरावे यांनी भुकेल्यांच्या धान्यासाठी तो वापरला. उरलेल्यापैकी बरेचसे १७९७ साली नेपोलियनने लादलेल्या खंडणीत गेले. लोखंडी पट्ट्यांच्या मोठमोठ्या पेट्या किल्ल्यातील त्या दालनात आजही पाहायला मिळतात. रिकाम्या.