संत जोसेफ वाझ : वाटेवरची नित्यप्रार्थना

पहाटे अंबाबाईच्या देवळात काकडआरती होते, गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात, आणि आपल्या घरांत मात्र सकाळची प्रार्थना राहून जाते. पहिल्या पाळीला एमआयडीसी गाठायची असते, मुलांची रिक्षा दारात हॉर्न वाजवते, मोबाईल थांबत नाही. संध्याकाळी स्तोत्र म्हणायला बसावे तर नेमकी कुकरची शिट्टी होते. आम्हीही याला अपवाद नाही. म्हणून १६ जानेवारीला ज्यांचा सण येतो, त्या संत जोसेफ वाझ यांच्या जीवनाकडे आज वळावेसे वाटते.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून लेखी वाहून घेतले. नंतर काही वर्षे कानडा प्रांतात काम करून ते १६८४ साली गोव्याला परतले. संभाजी महाराजांच्या गोव्यावरील स्वारीला तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

१६८५ साली ते जुन्या गोव्यातील ओरेटरीत दाखल झाले. हा गोमंतकीय धर्मगुरूंचा छोटासा समूह होता. वाझ यांनी त्याला संत फिलीप नेरी यांच्या धर्तीवर शिस्त लावून दिली. प्रार्थनेची वेळ ठरलेली, जागा ठरलेली, भोवती शांतता. इथेच ते राहिले असते तर त्यांच्या नित्यप्रार्थनेचे आम्हाला विशेष काही वाटले नसते!

पण १६८६ साली ते श्रीलंकेला निघाले. डचांनी १६५८ साली जाफना घेतल्यापासून तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. वाझ १६८७ साली मजुराच्या वेषात, जॉन नावाच्या सोबत्यासह तेथे पोहोचले. प्रवासाने आणि आजाराने शरीर खचलेले होते. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागत. माळ पाहून कोण ओळख दाखवतो यावरून त्यांना कॅथलिक घरे सापडत गेली.

त्या काळी प्रत्येक धर्मगुरूला प्रहराप्रहराची प्रार्थना रोज लॅटिनमधून म्हणावी लागे. मठात घंटा झाली की माणूस आपोआप उठतो. इथे घंटा नव्हती, मंदिर नव्हते. दिवसा लपायचे आणि रात्री कुणाच्या तरी घरात मिस्सा अर्पण करायची, असा क्रम होता. एका नाताळच्या रात्री जमलेल्या श्रद्धावंतांवर डच शिपायांनी छापा घातला. वाझ निसटले, पण प्रमुख मंडळींना शिक्षा भोगाव्या लागल्या. प्रार्थनेला येण्याची किंमत त्या घरांनी मोजली होती, हे विसरता येत नाही.

पुढे ते कँडीच्या राज्यात गेले, तर तेथे पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. त्यांनी सुटकेची वाट पाहत वेळ घालवला नाही. पहाऱ्यातच सिंहली भाषा शिकून घेतली, झोपडीवजा प्रार्थनास्थळ उभारले आणि उपासना सुरू केली. राजाची मर्जी नंतर फिरली व त्यांना कामाची मोकळीक मिळाली. पुढे देवीची साथ आली, तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा त्यांनी स्वतः केली.

आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे आणखी एक काम. एका गावाला भेट दिली की पुन्हा तेथे पोहोचायला त्यांना महिनोन्‌महिने लागत. तोवर त्या गावाने काय करायचे? त्यांनी तमिळ व सिंहली भाषांत प्रार्थना तयार केल्या आणि गावोगावी प्रापंचिकांतूनच प्रमुख नेमले. धर्मगुरू नसताना हे शेतकरी आणि कोळी गावाला एकत्र करून प्रार्थना चालवीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली प्रापंचिकांनाही प्रहरांची प्रार्थना म्हणण्याचे आवाहन केले, आणि त्यात सकाळ व संध्याकाळ या दोन वेळांना मुख्य मानले.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वाझ यांचे निधन झाले. गोव्याला ते पुन्हा आलेच नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केले, तेव्हा त्या गर्दीत अशाच गावांतून आलेली कुटुंबे होती.