वेर्नर फोर्समान

जिवंत मनुष्याच्या हृदयास हात लावणे म्हणजे त्याचा प्राणच पणास लावणे, अशी वैद्यांची समजूत असण्याच्या काळात, इ. स. १९०४ साली, बर्लिन शहरी वेर्नर फोर्समान यांचा जन्म झाला. वैद्यकाची परीक्षा उतरल्यावर १९२९ साली ते एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात काम करू लागले. फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्याच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. मनुष्याच्या बाबतीतही हे साधेल, असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु वरिष्ठांनी प्रयोगास साफ मनाई केली.

उपकरणे परिचारिका गेर्डा डिट्झेन यांच्या ताब्यात असत. प्रयोग आपल्यावर व्हावा, असा त्यांनीच आग्रह धरला. फोर्समान यांनी त्यांस मेजाशी बांधले आणि नळी मात्र स्वतःच्याच डाव्या हाताच्या शिरेत घातली! (बाईंची ही फसवणूक प्रशंसनीय खचित नव्हे.) सुमारे ६५ सेंटिमीटर नळी आत सारून ते तसेच क्ष-किरणांच्या खोलीत चालत गेले. छायाचित्रात नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसले.

या साहसाने त्यांस कीर्ती नव्हे, बेकारी दिली. बर्लिनच्या नामांकित रुग्णालयातील जागा गेली. ते मूत्ररोगांकडे वळले. १९३२ साली ते नाझी पक्षाचे सभासद झाले; हा डाग चरित्रकाराने झाकू नये. युद्धानंतर काही वर्षे त्यांस व्यवसायबंदी होती. मध्यंतरी कूर्नां व रिचर्ड्स यांनी न्यूयॉर्क येथे हीच वाट चोखाळून हृदयरोगांची परीक्षा पद्धतशीर चालविली. १९५६ साली तिघांस नोबेल पारितोषिक मिळाले. फोर्समान १९७९ साली निवर्तले.

त्यांच्या हयातीतच, १९५८ साली, सेमूर फर्मन यांनी शिरेवाटे विजेची तार हृदयात नेऊन मंदावलेले ठोके चालते ठेवले. आज पेसमेकरची तार बहुधा शिरेवाटेच बसवितात. क्वचित तीस जंतुसंसर्ग होतो. अशी तार काढावयाची, तर ती जुनी असल्यास शिरेच्या व हृदयाच्या भित्तीस चिवट तंतूंनी जखडलेली असते. जोराने ओढावी, तर हृदयच फाटावयाचे. म्हणून शल्यवैद्य तारेवरून एक पोकळ नळी हळूहळू आत सरकवितात आणि तिच्या टोकाच्या लेसरने किंवा धारेने ते तंतू सोडवितात. छाती उघडण्याची सिद्धता शेजारी असतेच. तथापि बहुतेक वेळा तिची गरज न पडता, तार आली त्याच वाटेने बाहेर येते.