ठराव आणि ओंजळ

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्राकडे एका विशिष्ट दृष्टीने पाहिले, तर कागदावरचा शब्द आणि प्रत्यक्षातला व्यवहार यांतील अंतराशी त्यांनी आयुष्यभर दिलेला लढा ठळकपणे जाणवतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना हे अंतर लहानपणापासून परिचयाचे होते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून १९१७ साली ते बडोदे संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. नेमणूक दरबाराची होती. तरी कचेरीतले शिपाई त्यांच्यासमोर कागद दुरून टाकीत आणि त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. अखेर नोकरी सोडून त्यांना मुंबईस परतावे लागले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. मात्र ठराव दप्तरात राहिला, पाणी तळ्यात राहिले आणि माणसे तहानलेलीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. दिलेला शब्द असा उघडपणे मागे घेतला गेल्यावर लोकांनी विश्वास तरी कशावर ठेवावा?

डिसेंबरमध्ये सत्याग्रही पुन्हा महाडास जमले, तेव्हा न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आड आला. तुरुंगात जाण्याची अनेकांची तयारी होती. बाबासाहेबांनी मात्र सत्याग्रह तहकूब करून न्यायालयीन लढाई पत्करली. शासनाच्या शब्दावरील अविश्वासाचे रूपांतर त्यांनी कायद्याच्या तिरस्कारात होऊ दिले नाही. कायद्यालाच आपले वचन पाळावयास लावले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्या एका ओंजळीच्या हक्कावर शिक्कामोर्तब व्हावयास १० वर्षे लागली.

पुढे ते स्वतः सत्तेत गेले, तरी त्यांचा निकष बदलला नाही. हिंदू कोड बिलाविषयी सरकारने दिलेली आश्वासने कृतीत उतरेनात, तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला.

हाच निकष त्यांनी स्वतःलाही लावला. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापून शिक्षणप्रसाराचे उद्दिष्ट जाहीर केले आणि १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह उघडले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास हिंदू म्हणून मरणार नसल्याची प्रतिज्ञा केली; १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बौद्ध धम्म स्वीकारून ती पूर्ण केली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

नागपुरात लाखो लोक त्यांच्यामागून धम्माच्या वाटेने का गेले, याचे उत्तर येथे सापडते. पिढ्यान्‌पिढ्या पोकळ आश्वासने ऐकलेल्या समाजाने एक माणूस आपला शब्द २१ वर्षांनीही पाळताना पाहिला होता. त्यांच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक वसतिगृहाच्या उद्दिष्टपत्रिकेलाही हीच कसोटी लागू आहे: तेथील लेकराच्या ओंजळीत प्रत्यक्ष काय पडले?