गुरुऋण आणि स्वत्व : मायकेल फॅरडे यांचे चरित्र

गुरूने हात धरून ज्याला विद्येच्या दारी आणून उभे केले, त्याच शिष्याची कीर्ती पुढे गुरूच्या कीर्तीस झाकू लागली, तर त्या नात्याचे काय होते? विद्येच्या क्षेत्रात हा प्रश्न वारंवार उद्भवतो आणि बहुधा त्याची परिणती कटुतेत होते. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांच्या आयुष्यातही हा प्रसंग आला. त्यांनी तो कसा निभावला, हे त्यांच्या शोधांइतकेच मननीय आहे.

लंडननजीक न्यूइंग्टन बट्स येथे दि. २२ सप्टेंबर १७९१ रोजी फॅरडे यांचा जन्म झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत. त्यांची प्रकृती नेहमी अधू असल्यामुळे मिळकत बेताचीच होती. लिहिणे, वाचणे व जुजबी हिशेब एवढेच शालेय शिक्षण मुलाच्या वाट्यास आले. वयाच्या १३ व्या वर्षी तो जॉर्ज रिबो या ग्रंथविक्रेत्याच्या दुकानी पोऱ्या म्हणून राहिला आणि १८०५ पासून सात वर्षे तेथेच त्याने पुस्तकबांधणीची उमेदवारी केली. बांधणीस आलेली पुस्तके तो फावल्या वेळी वाचून काढी. ब्रिटानिका ज्ञानकोशातील विजेवरील लेख आणि श्रीमती जेन मार्सेट यांचा रसायनशास्त्रावरील संवादरूप ग्रंथ यांनी त्याच्या मनात शास्त्राची गोडी उत्पन्न केली.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. सोडियम व पोटॅशियम ही मूलद्रव्ये प्रथम वेगळी करणारे डेव्ही त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होते. ते स्वतः एका लाकूड कोरणाऱ्या कारागिराचे पुत्र. फॅरडे यांनी ती व्याख्याने टिपून घेतली, आकृत्यांसह नीट लिहून काढली, स्वहस्ते बांधली आणि नोकरीच्या विनंतीपत्रासह डेव्हींकडे पाठविली. डेव्हींनी भेट दिली. परंतु शास्त्राच्या सेवेत पैसा अल्प व कष्ट फार, सबब हातचा धंदा सोडू नये, असा सल्लाही दिला. पुढे प्रयोगशाळेतील मदतनीस मारामारीच्या कारणावरून कामावरून दूर झाला, तेव्हा मात्र त्यांना या तरुणाची आठवण झाली. दि. १ मार्च १८१३ रोजी फॅरडे यांची नेमणूक झाली. वेतन आठवड्यास २५ शिलिंग, राहावयास माडीवरच्या दोन खोल्या, शिवाय कोळसा व मेणबत्त्या.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डेव्ही युरोपच्या प्रवासास निघाले व फॅरडे यांना त्यांनी बरोबर नेले. या प्रवासात गुरुपत्नींनी त्यांना चाकराप्रमाणे वागविले व ते त्यांना फार लागले. तथापि पॅरिसमध्ये अँपिअर, मिलानमध्ये वृद्ध व्होल्टा अशा थोरांचे दर्शन घडले, आणि फ्लॉरेन्स येथे भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळण्याचा प्रयोग गुरूंच्या शेजारी राहून पाहावयास मिळाला. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या या तरुणाचे हेच विद्यापीठ ठरले. १८१५ साली परतल्यावर खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा तयार करण्याच्या डेव्हींच्या कामातही त्यांनी हातभार लावला.

पुढे मात्र या नात्यास तडा गेला. १८२१ च्या सप्टेंबरात विजेच्या प्रवाहाने तार चुंबकाभोवती सतत फिरती ठेवता येते, हे फॅरडे यांनी दाखविले. विजेवर चालणाऱ्या मोटारीचे मूळ तेच. परंतु त्या लेखात वुलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या पूर्वप्रयत्नांचा उल्लेख नव्हता, म्हणून परक्याची कल्पना उचलल्याचा प्रवाद उठला. फॅरडे स्वतः वुलस्टन यांना भेटले. तरी प्रवाद पुरता शमला नाही. रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा अध्यक्षपदी असलेल्या डेव्हींनीच विरोध केला. दि. ८ जानेवारी १८२४ रोजी मतदान झाले व फॅरडे निवडून आले. विरुद्ध मत एकच पडले.

यानंतरही १८२५ साली डेव्हींच्याच शिफारशीवरून ते प्रयोगशाळेचे संचालक झाले. दुर्बिणींसाठी उत्तम काच तयार करण्याचे जिकिरीचे काम त्यांच्याकडे आले, त्यामागेही डेव्हींची प्रेरणा होती. या कामात त्यांची कित्येक वर्षे गेली. दि. २९ मे १८२९ रोजी डेव्ही जिनिव्हा येथे निवर्तले. पुढे काचेचे काम बाजूस सारून फॅरडे विजेकडे वळले. दि. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या एका तारेतील प्रवाह सुरू वा बंद करताच दुसऱ्या तारेत क्षणमात्र प्रवाह उमटतो, असे त्यांना आढळले. आज घरोघरी येणारी बहुतेक वीज याच तत्त्वावर निर्माण होते. आणि ती नावडती काचही वाया गेली नाही. १८४५ साली त्याच जड काचेच्या तुकड्यातून जाणाऱ्या प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो, हे त्यांनी सिद्ध केले.

डेव्हींच्या मृत्यूनंतर त्यांच्या चरित्रकाराने माहिती विचारली असता फॅरडे यांनी झाल्या अपमानाचा पाढा वाचला नाही. आपल्याला शास्त्राच्या क्षेत्रात आणण्यात डेव्हींनी दाखविलेला मनाचा थोरपणा त्यांनी नमूद केला. १८१२ साली आलेले डेव्हींचे मूळ पत्रही सोबत धाडले, आणि ते आपणांस अमोल असल्यामुळे जपून परत करावे, अशी विनंती केली.

सरदारकीचा मान व रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद ही दोन्ही त्यांनी नाकारली. मात्र नाताळात मुलांसाठी व्याख्याने देण्याचे व्रत १८२७ ते १८६० या काळात त्यांनी १९ वेळा आचरिले. व्याख्यानाच्या एका प्रवेशपत्राने आयुष्य कसे पालटते, हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? दि. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे देहावसान झाले.

गुरूची चूक ती चूकच, हे जाणूनही उपकार विसरू नये. आणि उपकार स्मरूनही आपले स्वतंत्र कार्य सोडू नये. या दोन्ही गोष्टी एका आयुष्यात साधता येतात, याची साक्ष फॅरडे यांचे चरित्र देते. आपल्या घरांतील विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. ज्यांच्या हाती कोणाला संधी देणे आहे, अशा वडीलधाऱ्यांनीही त्या पुस्तक बांधणाऱ्या मुलाचे स्मरण ठेवावे.