नाटकवाला पोलीस

नायजेरियाचा सिनेमा म्हटलं की आपल्याला फार तर नॉलीवूड हे नाव माहीत असतं. पण व्हिडिओ कॅसेटवरचे सिनेमे निघायच्या कितीतरी आधी तिथे ह्यूबर्ट ओगुंडे नावाचा एक अवलिया गावोगाव नाटक घेऊन फिरत होता. गाणी, नाच, टिंगल आणि त्या टिंगलीच्या आडून थेट सरकारला चिमटा, असा त्याचा खाक्या. मला हा माणूस आवडतो तो त्यासाठीच.

जन्म १९१६ चा, इजेबू-ओडेजवळच्या ओसोसा गावातला. आधी शाळामास्तर, मग ब्रिटिशांच्या पोलिसात साधा शिपाई. १९४४ साली लागोसमधल्या एका चर्चसाठी त्याने बायबलवर संगीत नाटक बसवलं. ते असं काही चाललं की दोनेक वर्षांत पठ्ठ्याने नोकरीला रामराम ठोकला. पक्की सरकारी नोकरी सोडून नाटक! घरी नुसतं बोलून बघा.

१९४५ साली महायुद्धातल्या महागाईने पिचलेल्या सरकारी आणि रेल्वे कामगारांनी मोठा संप केला. ओगुंडेने लगेच 'स्ट्राइक अँड हंगर' रंगमंचावर आणलं. जॉस शहरात त्यावर बंदी आली. कालपर्यंत पोलिसाचा गणवेश घालणारा आता पोलिसांनाच नकोसा झाला. पण गप्प बसेल तो ओगुंडे कसला? १९४९ मध्ये एनुगूच्या कोळसा खाणीत पोलिसांच्या गोळीबारात २१ कामगार मेले. पुढच्याच वर्षी त्यावर 'ब्रेड अँड बुलेट' आलं.

नाटकात काम करायला बायका मिळेनात, म्हणून त्याने चक्क कारकून मुली पाहिजेत अशी जाहिरात दिली. आलेल्या मुलींना उभं केलं स्टेजवर! मुली टिकाव्यात म्हणून पुढे एकेकीशी लग्नच करत गेला. या शेवटच्या आयडियाचं कौतुक मला काही जमत नाही. एक मात्र खरं, त्याच्या बायकांनीच ती कंपनी वर्षानुवर्षं चालवली.

१९६० साली इंग्रज गेले. आता तरी सुटका व्हावी की नाही? छे! १९६४ मध्ये त्याने 'योरुबा रोनू' केलं. म्हणजे, योरुबांनो, विचार करा. गोष्ट एका राजाची, ज्याला त्याचाच माणूस दगा देतो. पश्चिम नायजेरियातल्या सत्ताधाऱ्यांना ती नेमकी झोंबली आणि त्या प्रांतात कंपनीवर बंदी आली. गोऱ्या साहेबाने एकेका शहरात नाटक अडवलं होतं, आपल्या लोकांनी अख्खा प्रांतच बंद केला. त्यावर त्याचं उत्तर काय, तर नवं नाटक, 'ओतितो कोरो', म्हणजे सत्य कडू असतं. बंदी उठली १९६६ मध्ये, तीही लष्कराने सत्ता घेतल्यावर. नाटकवाल्याला मोकळं करायला लष्कर यावं लागलं, हे त्याच्याच एखाद्या नाटकात शोभलं असतं.

सिनेमाकडे तो वळला तेव्हा साठी ओलांडली होती. १९७९ च्या 'आये'मध्ये तो चेटकिणींशी झुंजणारा वैद्य ओसेतुरा झाला. मग 'जायेसिमी', 'आरोपिन तेनिया', 'अयानमो'. शेवटी 'मिस्टर जॉन्सन' या इंग्रजी सिनेमातही एक भूमिका केली. त्यात पुढे जेम्स बाँड झालेला पिअर्स ब्रॉस्नन आहे, हे बाँडवाल्यांसाठी. ४ एप्रिल १९९० रोजी लंडनमध्ये ओगुंडे वारला.