बाबासाहेबांचं पदव्युत्तर शिक्षण

परमपूज्य बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. पोटाला चिमटा घेऊन इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकले. प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहून १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातीवर निबंध वाचला. लग्नं जातीतच लावल्यानं जात टिकते, हे दाखवून दिलं. इकडं रमाईनं हाल सोसून घर सांभाळलं. १९१७ मध्ये वेगळ्या जहाजानं पाठवलेली त्यांची पुस्तकं महायुद्धात समुद्रात बुडाली. तरी ते खचले नाहीत. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळवलीच. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. बंधू-भगिनींनो, आपल्या मुलामुलींना पदवीवरच थांबवू नका, संशोधनालाही पाठवा. हेच त्यांना खरं अभिवादन. जयभीम!