पिल्लांच्या आतड्यातले मित्र जिवाणू आणि एली मेचनिकॉफ

प्रोबायोटिकच्या पुडीमागची कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. ती मांडणारे एली मेचनिकॉफ 1845 साली आजच्या युक्रेनमध्ये, खार्किवजवळ जन्मले. मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. शरीरातील काही पेशी रोगजंतूंना गिळतात, हे त्यांनी दाखवले आणि त्यासाठी 1908 चे नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळाले.

तुमच्या कामाचा भाग मात्र वेगळाच. 1888 पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. तिथे एक प्रश्न त्यांना सुटत नव्हता: कॉलरा एकाला होतो, मग शेजाऱ्याला का होत नाही? त्यासाठी या गृहस्थांनी स्वतः कॉलऱ्याचे जंतू पिऊन पाहिले! आतड्यातले काही जिवाणू या जंतूंना वाढू देतात, काही अडवतात, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे, आंबवलेल्या दुधातले आम्ल तयार करणारे जिवाणू पोटात गेले तर घातक जंतूंना आळा बसेल, असे त्यांनी मांडले. स्वतः नेमाने असे दूध घेत. 1916 मध्ये, वयाच्या 71 व्या वर्षी, ते पॅरिसला वारले.

त्यांचा एक अंदाज मात्र चुकला. हे जिवाणू आतड्यात कायमचे वस्तीला राहतील असे त्यांना वाटे. पुढच्या संशोधकांना ते टिकलेले दिसले नाहीत. म्हणून प्रोबायोटिक एकदाच देऊन भागत नाही, पुडीवरील सूचनेप्रमाणे देत राहावे लागते.

कोंबड्यांत ही कल्पना 1973 साली फिनलंडमध्ये पक्की झाली. मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू दिल्यावर पिल्लांमध्ये साल्मोनेला सहज रुजला नाही. आपल्याकडचे गावरान पिल्लू आईमागे उकिरडा उकरत फिरते, त्याला हे आपसूक मिळते. हॅचरीच्या पिल्लाला आई भेटतच नाही. म्हणून सुरुवात पहिल्या दिवसापासून करा. मरतूक लागल्यावर पुडी औषधाचे काम करणार नाही, तेव्हा पशुवैद्यकच हवा.

भंडाऱ्याच्या मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली लॅक्टोबॅसिलसची पुडी ठेवलीत, तर पक्ष्यांना मेलेले जिवाणू पाजाल. बीजाणू रूपातला बॅसिलस उष्णतेत जास्त तग धरतो. पुडीवर नाव वाचून घ्या. पाण्यातून देणार असाल तर त्या पाण्यात क्लोरीन नको. आणि प्रतिजैविकाचा कोर्स चालू असेल, तर तो संपल्यावरच प्रोबायोटिक सुरू करा.